फुग्यात मावेल तेवढंच

चित्रकथेतल्या माणसांच्या डोक्यावर जे बोलणं तरंगत असतं, त्याला छापखान्यात फुगा म्हणतात. हा फुगा आधी रिकामा असतो आणि त्यात कुणीतरी हाताने अक्षरं लिहावी लागतात. हे काम एकाच टेबलाशी, एकाच खिडकीकडे पाठ करून सत्तावीस वर्षं केल्यामुळे या गृहस्थांना सगळे फुगेबुवा म्हणत. मालक म्हणत, शिपाई म्हणे, आणि घरी फोन आला तर बायकोसुद्धा "फुगेबुवा आंघोळीला गेलेत" असंच सांगे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथे ते सुखरूप होतं.

छापखान्यातून दर महिन्याला 'लोहपंख' निघत असे. लोहपंख म्हणजे पाठीला पोलादी पंख असलेला, दंडाची बेटकुळी डोक्याएवढी असलेला आणि आडनाव नसलेला एक वीर. त्याची चित्रं परदेशातून तयार यायची, फुगे काढलेलेच असायचे, आणि ते तिथल्या बोलण्याच्या मापाचे असायचे. भाषांतर करायला एक निवृत्त मास्तर होते. त्यांना थोडक्यात बोलणं म्हणजे अप्रामाणिकपणा वाटे. परदेशी लोहपंख दोन शब्दांत आटपायचा तिथे मास्तर लिहून पाठवत, "अरे दुष्टा, तुझ्या दुष्कृत्यांचा आज शेवट जवळ आला असून आता माझ्या हातून तुला कोणीही वाचवू शकणार नाही, हे नीट ध्यानात घे." फुगा असायचा लिंबाएवढा. फुगेबुवा एकदा कागदाकडे बघत, एकदा फुग्याकडे बघत, निब शाईत बुडवत आणि लिहीत, "संपलास!"

यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. फुगा लहान आहे अशी तक्रार त्यांनी सत्तावीस वर्षांत एकदाही केली नव्हती. फुगा आहे तेवढाच राहणार, शब्दांनीच अंग चोरून बसायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मध्यंतरी मालकांनी संगणकावरची अक्षरं आणून पाहिली. पण लोहपंख बँकेच्या नोटिशीसारखा बोलायला लागला अशी वाचकांची पत्रं आली, आणि फुगेबुवांची खुर्ची वाचली.

या कामाने त्यांना एक खोड लावली होती. ते चित्रकथेत चित्र बघत नसत. चित्र म्हणजे त्यांच्या लेखी फुग्यांच्या मधली जागा. फार तर फुग्याचं शेपूट कुणाच्या तोंडाकडे वळलंय तेवढं बघायचं, म्हणजे खलनायकाचं वाक्य नायकाच्या तोंडी जात नाही. बाकी इमारती कोसळोत, समुद्र उसळो, पंखांचं ऐंशीव्या अंकात तांब्याचं सोनं होवो, त्यांना पत्ताच नसे. पंखांचा रंग बदलल्याचं त्यांना मालकांनी सांगितलं, तेव्हा शंभरावा अंक बाजारात गेला होता.

घरी निराळं काही नव्हतं. सव्वासात वाजता दाराशी "आलो". जेवताना "वाढ". आणि बाकी सगळ्याला "हं". या 'हं'चा त्यांना मनातून अभिमान होता. होकार, नकार, आश्चर्य, सहानुभूती, सगळं त्यात मावतं आणि जागा जवळजवळ लागत नाही. घरातलं लिहिण्याचं खातं मात्र पूर्णपणे त्यांच्याकडे होतं. अर्ज तेच भरत, पाकिटांवर पत्ते तेच घालत, स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरची नावंही त्यांनीच लिहिली होती. हाताला जे वळण होतं त्याच वळणात लिहिली होती, त्यामुळे 'साखर' ही अक्षरं अशी टोकदार आणि तिरपी होती की बरणी आता फुटणार असं पाहुण्यांना वाटे. बायकोला कधी काही लिहायची पाळीच आली नव्हती. तिचं अक्षर त्यांनी शेवटचं पाहिलं ते लग्नाच्या नोंदवहीत, आणि तीही नुसती सही होती.

बायको कपबशांच्या कारखान्यात कामाला होती. कपावर निळं फूल काढायचं, पाच पाकळ्यांचं, बारीक ब्रशने, एका दमात. दिवसाला दीडशे. तेवीस वर्षांत तिला सहावी पाकळी काढायची परवानगी मिळाली नव्हती. चारला सुटी व्हायची, साडेचारला ती घरी यायची. साडेचार ते सव्वासात ती काय करते, हे फुगेबुवांनी कधी विचारलं नाही. मुलगी नोकरीला लांबच्या शहरात गेल्यापासून ही वेळ बरीच मोकळी झाली असणार, एवढंही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

लोहपंखाचा तीनशेवा अंक निघाला आणि फुगेबुवांचं बिनसलं. त्या अंकात लोहपंख मेला. तो याआधी तीनदा मेला होता. पहिल्या खेपेला फुगेबुवांनी "नाहीऽऽऽ" लिहिताना शाई वाळेपर्यंत श्वास रोखून धरला होता, आणि या खेपेला त्यांना कळलं की मागच्या वेळचं "नाहीऽऽऽ" कापून चिकटवलं तरी चालण्यासारखं आहे. त्यांनी तेच केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांना एकेक गोष्ट टोचायला लागली. दर महिन्याला डॉक्टर भोवरा नावाचा खलनायक अर्धं शहर पाडतो आणि पुढच्या अंकात ते जसंच्या तसं उभं असतं, मग ते बांधतं कोण? रस्त्यावर एवढ्या काचा पडतात, त्या झाडतो कोण? लोहपंख घरी कुठे जातो? पंख काढून कुठे ठेवतो? त्यांनी हे मालकांना विचारलं.

"फुगेबुवा," मालक म्हणाले, "बरं वाटत नाहीये का? चार दिवस रजा घ्या."

रजा त्यांनी घेतली नाही. रजेत काय करायचं हे माहीत नव्हतं.

छापखान्याच्या कोपऱ्यावर एक झेरॉक्सचं दुकान होतं. लिहून झालेल्या पानांची एक प्रत जपून ठेवायची म्हणून फुगेबुवा तिथे आठवड्यातून दोनदा जात. झेरॉक्सवाला ढेरपोट्या, शांत, आणि समोरच्याच्या कागदावर काय आहे ते न वाचल्यासारखं करून सगळं वाचणारा माणूस होता. एका दुपारी त्याच्या काउंटरवर बुटाच्या खोक्याच्या झाकणात दहा-बारा पुस्तिका ठेवलेल्या दिसल्या. साधा कागद मधोमध दुमडलेला, दोन पिना मारलेल्या, आणि वर लिहिलेलं, 'सव्वासात'. झाकणावर चिठ्ठी होती, "घ्या, वाचा, नको झालं तर परत आणून ठेवा."

फुगेबुवांनी एक उचलली ती अक्षर किती वाईट आहे हे बघायला. अक्षर खरोखरच भयंकर होतं. ब्रशने काढलेलं, शिरोरेषा उताराला लागलेली, आणि दर ओळीचा शेवटचा शब्द फुग्याच्या भिंतीवर आपटून चेपलेला. त्यांना दात दुखल्यासारखं झालं. तरी त्यांनी उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं, मग दुसरं, आणि झेरॉक्सवाल्याने दोनदा "झाल्या हो प्रती" म्हटल्यावरच ते भानावर आले.

सोळा पानांत, चौकटींखालच्या ओळी धरूनही, काहीच घडत नव्हतं. एक बाई, एक नवरा. नवरा सव्वासातला येतो. बाई विचारते, आज उशीर झाला का? नवरा म्हणतो, हं. बाई विचारते, लेकीचा फोन आला होता, काय म्हणाली ते सांगू का? नवरा म्हणतो, हं, आणि पेपर उघडतो. बाई जेवण वाढते, भांडी घासते, आणि शेवटच्या पानावर लेकीने काय सांगितलं ते सगळं नळाला सांगते. नळ ऐकून घेतो. संपलं.

कुणी मेलं नव्हतं. एकही इमारत पडली नव्हती. आणि भांडी कोण घासतं ते स्पष्ट दाखवलेलं होतं. फुगेबुवा फुटपाथवर उभे राहून हसले, आणि मग त्यांनी ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. चित्रकथेत असंही करता येतं हे त्यांना सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सव्वासात वाजता ते घरी आले, "आलो" म्हणाले, आणि जेवताना पुस्तिका ताटाशेजारी उघडी ठेवून बसले.

"काय वाचताय?" बायकोने विचारलं.

"भारी आहे." हे फुगेबुवांच्या मानाने भाषणच झालं, पण ते तिथे थांबले नाहीत. "एक नवरा आहे. दगड नुसता. बायको काय बोलते त्याकडे लक्षच नाही."

बायकोचा हात भांड्यावर थांबला. "असे असतात?"

"असतात की. कुणी काढलंय कोण जाणे, पण पकडलंय बरोबर."

"लेकीचा फोन आला होता," बायको म्हणाली. "काय म्हणाली ते सांगू का?"

"हं," म्हणून फुगेबुवांनी पान उलटलं.

वाचकांना जे कळायचं ते कळलं असेल. फुगेबुवांना कळायला अजून तीन अंक जायचे होते.

दुसरा अंक महिन्याने आला. त्यात बाई केस कापते. लांब शेपटा होता तो थेट कानाच्या पाळीपर्यंत. नवऱ्याला पत्ता नाही. एक दिवस, दोन दिवस, पानंच्या पानं जातात. अकराव्या दिवशी नवरा खोलीत इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "आरसा हलवलाय का?" इथे फुगेबुवांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी ते वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं. "आरसा हलवलाय का! अगं, ऐकलंस का, आरसा!" बायकोने ऐकलं. तिचे केस तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत होते, आणि त्याला दोन महिने झाले होते.

फुगेबुवा बदलले हे मात्र खरं. त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून अशाच आणखी पुस्तिका मिळवल्या. अशा गोष्टी घरी काढणारी बरीच मंडळी होती म्हणे. एका निवृत्त पोस्टमनने त्याला आयुष्यात चावलेल्या सगळ्या कुत्र्यांची चित्रकथा काढली होती, तारीखवार. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पेशंट खुर्चीत बसल्यावर ज्याकडे बघतात ते नुसतं छत काढलं होतं, चोवीस पानं. फुगेबुवा ती वाचून घरी, ऑफिसात, बसथांब्यावर लोकांना ऐकवू लागले. नवीन धर्म लागलेल्या माणसासारखं त्यांचं झालं. लोहपंखाबद्दल ते "पोरकट" हा शब्द वापरू लागले, आणि ज्याच्या जिवावर घर चाललं त्याला असं म्हणताना त्यांना जराही लाज वाटली नाही. एकदा तर मास्तरांच्या सहा ओळींच्या गर्जनेच्या जागी त्यांनी लोहपंखाच्या फुग्यात नुसतं "हं" लिहून टाकलं.

मालकांनी पान टेबलावर आपटलं. "लोहपंख 'हं' म्हणत नाही, फुगेबुवा."

"का? माणूस नाही का तो?"

"नाही," मालक म्हणाले. "आणि तुम्ही ते बदलून द्या."

'सव्वासात' कोण काढतं ते झेरॉक्सवाल्याला ठाऊक होतं. विचारलं की तो छताकडे बघे. "सांगायची परवानगी नाही. पण जवळच राहतात."

"बाई की पुरुष?"

झेरॉक्सवाल्याने प्रती मोजायच्या थांबवल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"पुरुषच असणार," फुगेबुवा म्हणाले. "नवऱ्याचे बारकावे फार अचूक आहेत."

याच सुमारास घरी एक गोष्ट झाली. कपबशांच्या कारखान्याने दुसऱ्या गावी नवीन शाखा काढली होती, रेल्वेने पाच तास. तिथे नव्या मुलींना ब्रश धरायला शिकवायला अनुभवी बाई हवी होती. राहायला खोली मिळणार होती, आणि नवीन फुलं ठरवायचा अधिकारही. बायकोने हे एका मंगळवारी जेवताना सांगितलं. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय, तुम्हाला काय वाटतं, असं सरळ विचारलंही. फुगेबुवा छताची चोवीस पानं वाचत होते. ते म्हणाले, "हं."

तिसरा अंक आला तेव्हा फुगेबुवांनी तो रस्त्यातच वाचला. त्यात बाईला दुसऱ्या गावी काम चालून येतं. ती माळ्यावरून बॅग काढते, झटकते, उन्हात ठेवते. ती रिकाम्या टेबलाशी बसून बोटाने नवीन फूल काढून बघते, सहा पाकळ्यांचं, मग सात, आणि एकटीच हसते. ती नवऱ्याला विचारते. नवरा म्हणतो, हं. शेवटच्या पानावर बॅग दाराशी आणि खाली लिहिलेलं, "हिने जावं की राहावं? चिठ्ठी लिहून खोक्यात टाका."

हा योगायोग फुगेबुवांना जाणवला का? जाणवला. अशा शाखा सगळीकडेच उघडतायत, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते पुढे निघाले.

पण चिठ्ठी त्यांनी लिहिली. जेवणाच्या सुटीत, आपल्या सर्वांत चांगल्या निबने, दोन पानं. पहिलं दीड पान अक्षरावर होतं. आधी अक्षरं लिहावीत आणि मग भोवती फुगा काढावा, उलट करू नये. शिरोरेषा पट्टी लावून मारावी. फुग्याचं शेपूट बोलणाऱ्याच्या तोंडापाशी नेमकं न्यावं. आपण हे काम विनामोबदला करून देऊ, कारण इतकी चांगली गोष्ट इतक्या वाईट अक्षरात बघवत नाही. आणि शेवटी, "आपल्या प्रश्नाचं उत्तर: तिने जावं. बेलाशक जावं. असला माणूस ती गेल्याचं कळायलाच दोन अंक घेईल. — आपला एक वाचक." सही केली नाही. त्या अक्षराला सही लागत नव्हती, ते गावातलं प्रत्येक शाळकरी पोर ओळखत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पत्र खोक्यात टाकल्यावर आठवडाभर उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात बायको जरा गप्प होती, पण घरात गप्प असणं हे फुगेबुवांना शांतता वाटे. मग महिना संपायला दोन दिवस उरले असताना झेरॉक्सवाल्याने काउंटरखालून एक मोठं पाकीट काढून दिलं आणि तो लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आत चौथ्या अंकाची मूळ पानं होती. जाड कागद, काळी शाई, प्रत नव्हे, खुद्द ब्रश फिरलेला. एक टाइप केलेली चिठ्ठी होती. "अक्षरं तुम्ही लिहा. मजकूर पेन्सिलीने दिलाय. शेवटचा फुगा रिकामा आहे. तिथे नवरा काय म्हणेल ते मला सुचलं नाही. तुम्हाला माहीत असेल."

लोहपंखाची पानं त्यांनी बाजूला सारली, टेबल पुसलं, निब नवीन लावली. पेन्सिलीच्या मजकुरावर शाई फिरवत ते पुढे सरकत गेले. आता शिरोरेषा कशी सरळ, शब्द कसे ऐसपैस. आणि सवयीप्रमाणे त्यांनी चित्रं बघितली नाहीत.

शेवटच्या पानावर बाई दाराशी होती, हातात बॅग. तिचा फुगा होता, "जाऊ?" टेबलाशी नवरा, त्याच्या डोक्यावर रिकामा फुगा. एवढासा. फुगेबुवांच्या सरावलेल्या डोळ्यांनी लगेच माप घेतलं. त्यात "हं" अगदी चपखल बसत होतं.

शेपूट नीट तोंडापाशी येतंय का ते बघायला ते वाकले. तोंडाला मिशी होती. मिशीच्या मागे फळी होती, फळीवर बरण्या. छोट्या प्रतींमध्ये तो भाग दरवेळी काळा डाग होऊन यायचा. इथे मूळ शाईत सगळं स्वच्छ होतं. मधल्या बरणीवर तिरपी, टोकदार, आता फुटेल अशी अक्षरं होती, 'साखर'. त्यातल्या 'ख'ची शेपटी खाली जाऊन डावीकडे वळत होती. असा 'ख' दुनियेत एकच माणूस काढत असे.

फुगेबुवांनी निब खाली ठेवली. मग ते पहिल्या पानापासून पुन्हा बघायला लागले, फुगे सोडून. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, डाव्या टोकाला भोक पडलेला. दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी. त्यांनी हात वर करून कानामागचा दोरा चाचपून बघितला. टेबलाचा एक पाय लहान म्हणून खाली घातलेला लोहपंखाचा जुना अंक. शेवटचं सोडून प्रत्येक पानावर तो नवरा पाठमोरा किंवा पेपरामागे, आणि प्रत्येक पानावर ती बाई त्याच्याकडे बघत. केस कानाच्या पाळीपर्यंत.

त्यांना लाज वाटली. तिच्यासमोर मोठमोठ्याने वाचलेलं एकेक वाक्य आठवत गेलं तशी ती वाढतच गेली. आणि मग दोन पानांचं पत्र आठवलं, आणि लाजेच्या जागी सरळ सरळ भीती आली. बेलाशक जावं, असं त्यांनी लिहिलं होतं. शिरोरेषा पट्टी लावून.

तरी फुगा भरायचा होता, आणि ते कसलेले होते. मागच्या कागदावर त्यांनी करून बघितलं. "जाऊ नकोस" बारीक लिहिलं तर बसत होतं. पण त्यांना ते बोटाने काढलेलं सात पाकळ्यांचं फूल आठवलं, आणि त्या चौकटीत ती हसत होती, आणि असं हसताना त्यांनी तिला केव्हा बघितलं होतं ते काही आठवेना. "जा" तर छानच बसत होतं. ते त्यांनी लिहून लगेच खोडलं. "जा, पण" असं लिहिलं आणि पणच्या पुढे जागा संपली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुठला शब्द गाळायचा ते कळत नव्हतं.

पाच वाजायच्या आत ते घरी पोचले. ते "आलो" म्हणाले नाहीत, कारण या वेळेला ते कधी आलेच नव्हते आणि तोंड तयार नव्हतं. बायको टेबलाशी बसली होती, समोर शाईची बाटली आणि ब्रश. पलंगावर बॅग उघडी होती. तीत चार साड्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या.

फुगेबुवांनी शेवटचं पान तिच्यापुढे ठेवलं. तिने आधी अक्षर बघितलं. "सरळ आलंय."

"हो."

"कधी कळलं?"

"आज. बरणीवरून."

"बरणीवरून," बायको म्हणाली. "माणसावरून नाही."

फुगेबुवा उभेच होते. "पत्र मिळालं?"

"मिळालं. अक्षर छान आहे."

"ते मी त्या बाईबद्दल लिहिलं होतं."

"हो ना. त्या बाईलाच मिळालं."

बायकोने पानावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हा भरला नाहीत."

"फुगा लहान आहे," फुगेबुवा म्हणाले.

बायकोने मान वर केली. "लोकांचे शब्द आयुष्यभर कापलेत. तुमचे नाही कापता येत?"

"नाही."

"आहेत तरी किती?"

"माहीत नाही. मोजले नाहीत. अजून जुळलेही नाहीत नीट."

तिने बाटलीमागून पांढऱ्या रंगाची डबी काढली, ब्रश बुडवला आणि नवऱ्याच्या डोक्यावरचा फुगा एका दमात पुसून टाकला, फूल काढायची तशीच. "आधी बोला," ती म्हणाली. "मग बघू केवढा लागतो. उद्या कळवायचंय मला."

फुगेबुवा खुर्चीच्या टोकावर बसले. टॉवेल खाली पडला, तो उचलला. "केस चांगले दिसतात," ते म्हणाले.

"चार महिने झाले."

"हं," फुगेबुवा म्हणाले, आणि लगेच हात वर केला. "थांब. हं नाही. पुढे आहे अजून."

बायकोने ब्रश पाण्यात ठेवला, खुर्ची ओढली, आणि ती समोर बसली.